एमएस्सी गणित: मॉडेलिंग प्रयोगांतून शिकवायचंय, प्रयोग कोणते घ्यावेत?

शेषफळ

नमस्कार मंडळी. एमएस्सी भाग दोनला गणिती मॉडेलिंगचा पेपर आहे. २४ मुलं, आठवड्यातून एकदा सलग दोन तास, असे १४ आठवडे. मुलं समीकरण हातात दिलं की सोडवतात, चलं वेगळी करणं, इंटिग्रेटिंग फॅक्टर, सगळं पाठ आहे. पण 'या समीकरणात वर्गमूळ कुठून आलं?' विचारलं की वर्ग गप्प.

म्हणून यंदा निदान निम्मे तास प्रत्यक्ष मोजमापावर घालवायचे आहेत. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा मिळणार नाही. वर्गाबाहेर एक बेसिन आहे, मुलांकडे मोबाइल आहेत आणि खर्चाला पाच हजार रुपये. प्रश्न असे:

१. थोडक्या सामानात होणारे आणि गणित एमएस्सीच्या पातळीचं राहील असे प्रयोग कोणते?
२. आधी समीकरण सांगावं की आधी आकडे गोळा करू द्यावेत?
३. याला मार्क कसे द्यायचे? 'प्रॅक्टिकलची जर्नल' होऊ नये एवढीच इच्छा.

---

लंबक

बरणी रिकामी होण्यापासून सुरुवात करा. जुनाच प्रयोग आहे, पण बहुतेक ठिकाणी तो अर्धाच करतात.

सामान: सरळ उभ्या भिंतीची, ३३ सेंमी घेराची पारदर्शक प्लास्टिकची बरणी. शीतपेयाची बाटली नको, तिला कंबर असते आणि बूड पाकळ्यांचं असतं, म्हणजे काटछेदाचं क्षेत्रफळ उंचीनुसार बदलतं. बुडापासून पाचेक सेंटिमीटरवर ४ मिमीच्या ड्रिलने छिद्र पाडा. तापवलेला खिळा वापरू नका. प्लास्टिक वितळून आत-बाहेर ओठ तयार होतो आणि छिद्राची आखूड नळी होते. ड्रिलनंतरची कुसळं ब्लेडने साफ करा. कागदी पट्टी बरणीवर चिकटवा, शून्य छिद्राच्या मध्यावर. मोबाइल पट्टीच्या मध्याच्या उंचीवर, दीड मीटर लांब ठेवून व्हिडिओ घ्या. जवळ ठेवला तर वरचे आणि खालचे आकडे तिरके वाचले जातात. झाकण उघडं हवं, हे सांगावं लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आधी समीकरणही नको आणि आधी आकडेही नकोत. आधी अंदाज, कागदावर, सहीसकट. 'पाणी उतरण्याचा वेग कशावर अवलंबून?' विचारलं की बहुतेक जण लिहितील: उंचीच्या प्रमाणात. ठीक. मग त्यांनाच विचारा, तसं असेल तर व्हिडिओत काय दिसायला हवं? उंची निम्मी व्हायला दर वेळी सारखाच वेळ लागायला हवा. १६ सेंटिमीटरवरून ८, ८ वरून ४, ४ वरून २. मोजल्यावर साधारण ५९, ४१ आणि २९ सेकंद निघतात. अंदाज पडला.

मग त्याच व्हिडिओत १६, ९, ४ आणि १ सेंटिमीटरच्या वेळा बघायला लावा. ७ सेंटिमीटर उतरायला जितका वेळ, तितकाच ५ ला, तितकाच ३ ला. प्रत्येकी पन्नासेक सेकंद. कुणीतरी हे पूर्ण वर्ग आहेत म्हणेल. उंचीचं वर्गमूळ वेळेबरोबर सरळ रेषेत उतरतंय, हे ग्राफ न काढता दिसतं. वर्गमूळ कुठून आलं (छिद्राशी पाण्याचा वेग = √(२ × गुरुत्वत्वरण × उंची), टॉरिचेली, सतरावं शतक) ते यानंतर फळ्यावर घ्या.

वेळा लवकर-उशिरा आल्या तर छिद्र पुन्हा मोजा. व्यासात ५ टक्के चूक म्हणजे वेळेत १० टक्के. प्लास्टिक लवचीक असतं, ४ च्या ड्रिलचं छिद्र बऱ्याचदा ४ चं राहत नाही.

---

शेषफळ

हे फार छान, धन्यवाद. पण एक शंका. बरणीचा घेर ३३ सेंमी धरला, म्हणजे व्यास साडेदहा, क्षेत्रफळ साधारण ८७ चौसेंमी. छिद्राचं ०.१२६. सूत्रात घातलं तर १६ वरून १ वर यायला ९३ सेकंद येतात. तुम्ही दीडशे म्हणताय. मग ०.६२ चा गुणांक घालून जमवायचं का? मुलं म्हणतील, सर, हवा तो आकडा घातलात.

---

लंबक

म्हणू द्या, तीच तर पाहिजे ती तक्रार आहे!

कारण असं: पाणी छिद्राकडे सगळ्या बाजूंनी येतं, काठाशी त्याला काटकोनात वळता येत नाही, म्हणून बाहेर पडल्यावर धार आकसते. धारदार काठाच्या छिद्राला विसर्गाचा गुणांक (प्रत्यक्ष प्रवाह भागिले सूत्रातला प्रवाह) ०.६ च्या आसपास असतो (धरणाच्या बातम्यांतला तोच 'विसर्ग'). व्यासाच्या दोन-तीन पट लांबीची आखूड नळी बसवली तर तो ०.८ च्या जवळ जातो. गरम खिळा नको म्हटलं ते यासाठीच.

पण कारण सांगून मुलांचं समाधान होता कामा नये. गुणांक ४ मिमीच्या छिद्रावरून काढा, तो गोठवा, आणि दुसऱ्या बरणीला ६ मिमीचं छिद्र पाडून पाणी सोडायच्या आधी रिकामं होण्याची वेळ लिहून घ्या. मग दोन बरण्या एकीखाली एक: वरचीचं पाणी खालचीत, खालचीला तिचं स्वतःचं छिद्र. खालच्या बरणीतली पातळी किती चढेल आणि कधी? हे समीकरण हाताने सोडवलं तरी पातळी वेळेच्या सुटसुटीत सूत्रात मिळत नाही, ऑयलर किंवा रुंगे-कुट्टा (छोट्या छोट्या पायऱ्यांनी आकडे काढायच्या पद्धती) लावणं सोयीचं. एकदा काढलेला आकडा नव्या प्रसंगात चालला तर तो जुळवाजुळवीचा नाही. नाही चालला तर कुठे बिघडलं ते शोधायला विषय मिळाला. (खालच्या बरणीत धार पडून लाटा उठतात, पातळी वाचता येत नाही. मध्ये भांडी घासायची प्लास्टिकची घासणी टाका, लाटा मरतात.)

तुम्ही गणिताचे आहात म्हणून आणखी एक. √उ (उ म्हणजे उंची) हे फलन शून्यापाशी लिप्शिट्झ नाही, म्हणजे तिथे त्याच्या चढाला मर्यादा नाही, हे वाक्य मुलं परीक्षेत लिहितात. रिकामी बरणी समोर ठेवा आणि विचारा, ही कधी रिकामी झाली? पाच मिनिटांपूर्वी की काल? आताच्या स्थितीवरून मागे जाता येत नाही, उत्तरं अनंत आहेत. एकमेवता का मोडते ते बरणी दाखवते. मात्र शेवटचा एक सेंटिमीटर डेटात घेऊ नका, तिथे धार तुटून पाणी भिंतीवरून ओघळतं, पृष्ठताण आणि ओलावा यांचा खेळ सुरू होतो.

आणि त्याच बरणीचा दुसरा अंक: छिद्राला सलाइनची नळी लावा, आतला व्यास ३ मिमी, लांबी दीड मीटर, छिद्राच्याच उंचीवर आडवी. आता वेग चिकटपणा ठरवतो, धार सेकंदाला ३० सेंमीच्या खाली राहते, रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह संथ की खळबळीचा ते सांगणारा) हजाराच्या आत. प्रवाह उंचीच्या प्रमाणात होतो आणि मुलांचा पहिला, पडलेला अंदाज इथे खरा ठरतो! प्रत्येक वेळी निम्मं व्हायला साडेसात-आठ मिनिटं. नळीचं टोक खाली लोंबलं तर उंचीचं शून्य टोकापाशी जातं आणि सगळं बिघडतं. हवेचा बुडबुडा अडकला तरी तेच.

---

पालथी कवडी

लंबक यांच्याशी सहमत, पण सगळे प्रयोग पाण्याचे-उष्णतेचे घेतले तर मुलं समजतात की मॉडेल म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन. एक तरी प्रयोग यादृच्छिकतेचा हवा. पूजेच्या सामानाच्या दुकानातून १०० कवड्या आणा.

आधी १०० कवड्या दहा वेळा टाकून उताण्या पडण्याची शक्यता काढा. ती अर्धी नसते, हीच गंमत. नाण्याला ०.५ गृहीत धरतात, कवडीला मोजावंच लागतं. समजा ०.४ आली. हजार फेकींवर तिची प्रमाण त्रुटी ०.०१५ च्या आसपास, तीही लिहून घ्या.

मग खेळ: टाका, उताण्या बाजूला काढा, उरलेल्या पुन्हा टाका. प्रत्येक गटाला ५० कवड्यांनी सुरुवात. मॉडेल सांगतं तिसऱ्या फेरीनंतर १०.८ उरतील. गट ८, १३, ११, १४ असे काही आकडे सांगतील. मग विचारा, मॉडेल चुकलं का? द्विपद वितरणाने विचलन २.९ येतं, म्हणजे एवढा पसारा अपेक्षितच आहे. किती चुकलं की चूक म्हणायचं, हा प्रश्न मुलांना पुस्तकात सहसा भेटत नाही.

दोन ठिकाणी मुलं हमखास अडखळतात.

एक, सतत मॉडेल लिहिताना क्षयाचा दर ०.४ घेतात. तो −लॉग(०.६), म्हणजे ०.५१ हवा. फेरीला ४० टक्के जाणं आणि क्षणाक्षणाला ०.४ दराने जाणं एक नव्हे. बँकेचं चक्रवाढ व्याज आठवून द्या, लगेच कळतं.

दोन, पुढच्या भागात दर फेरीनंतर १० कवड्या नव्याने घाला. संख्या कुठे स्थिरावेल? काही गट २५ म्हणतील, काही १५, आणि भांडण होईल. दोघंही बरोबर: भर घातल्यावर मोजलं तर २५, घालण्याआधी मोजलं तर १५. सतत मॉडेलचा स्थिर बिंदू १९.६ येतो, दोन्हींच्या मधला. कधी मोजायचं हे मॉडेलचाच भाग आहे, इतकं यातून निघालं तरी तास वसूल.

कवड्या न मिळाल्या तर चिंचोके अर्धे फोडून घ्या. पण दोनशे-तीनशे फेकींत त्यांची साल झिजते, टवके उडतात आणि शक्यता सरकते. (त्यावरही प्रकल्प होईल म्हणा.)

---

अवमंदन

तिसरा प्रयोग: कपकेकचे कागदी साचे. बेकिंगच्या सामानाच्या दुकानात शंभराचं पाकीट मिळतं. एक, दोन, चार, आठ असे एकात एक घालून वरून सोडायचे. आकार तोच, वजन तेवढं पट. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असेल तर अंतिम वेग साच्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हवा. लॉग-लॉग ग्राफचा चढ ०.५. वेगाच्याच प्रमाणात रोध असेल तर चढ १. दोन मॉडेलांतून एक निवडायचं, चांगला प्रश्न.

आता यात काय बिघडतं ते बघा. वर्गात दोन मीटरवरून साचे सोडतात, वेळ मोजतात, अंतर भागिले वेळ काढतात आणि चढ येतो ०.३! मग दोन्ही मॉडेलं बाद, आणि मुलं आकडे 'सुधारतात'.

चूक गृहीतकात आहे. समजा एका साच्याचा अंतिम वेग सेकंदाला दीड मीटर. अंतिम वेग गाठायला लागणाऱ्या अंतराचं माप म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण: इथे २३ सेंटिमीटर. दोन मीटरमध्ये तो आरामात स्थिरावतो. आठ साच्यांचा अंतिम वेग ४.२, आणि ते माप १.८ मीटर. म्हणजे जमिनीवर पडेपर्यंत तो वेग घेतच असतो. पूर्ण समीकरण सोडवलं तर एका साच्याला १.४४ सेकंद आणि आठांना ०.७६ सेकंद येतात, आणि त्यांतून चढ बरोबर ०.३ निघतो. मॉडेल शाबूत, 'पहिल्यापासून अंतिम वेग' हे गृहीतक पडलं.

त्यामुळे हा प्रयोग दोन टप्प्यांत घ्या. पहिल्या तासाला सरासरी वेगाने फसू द्या, सांगू नका. दुसऱ्या तासाला समीकरणातून मिती (मीटर, सेकंद ही एककं) काढून टाकायला लावा, म्हणजे १.८ मीटर हा आकडा त्यांचा त्यांना सापडेल. मितिरहित करण्याचं तंत्र शिकवायला याच्याइतकं चांगलं निमित्त मला तरी माहीत नाही. पंखे बंद, खिडक्या बंद. साचा उलटा होऊन पडला तर ते निरीक्षण बाद करायचं, पण बाद किती केली ते लिहायचं. वेळेसाठी स्टॉपवॉच नको, बोटाची चूकच ०.२ सेकंदांपर्यंत जाते. व्हिडिओच्या चौकटी मोजा.

चहा निवण्याचा प्रयोग सगळे सुचवतील. करा, पण एक कप झाकणासकट आणि एक उघडा असा जोडीने. उघड्या कपात सुरुवातीला बाष्पीभवन इतकी उष्णता नेतं की न्यूटनच्या नियमाची लॉग-रेषा वाकते. आणि खोलीचं तापमान भिंतीवरच्या घड्याळातून घेऊ नका, कपाशेजारी मोजा. चहा आणि खोली यांत ५ अंशांचा फरक उरला असताना खोलीचं तापमान २ अंशांनी चुकलं, तर लॉगमध्ये ५ च्या जागी ३ किंवा ७ जातात. शेपूट वाकते आणि मुलं तिचे शास्त्रीय अर्थ लावत बसतात.

---

शेषफळ

०.३ चं गणित मी आत्ता करून पाहिलं. खरंच येतं. मुलांनी आकडे 'सुधारले' असते आणि मला कळलंही नसतं.

साथींच्या मॉडेलचं काय? अभ्यासक्रमात आहे, पण त्याचा प्रयोग कसा करणार?

---

उपपत्ती

प्रयोग नको, डेटा घ्या, आणि तोही मुंबईचा. करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथीचं जे मॉडेल मांडलं, त्यातली एकमेव खरी आकडेवारी मुंबई बेटावरच्या प्लेगची आहे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, दर आठवड्याचे मृत्यू. त्यांनी बसवलेला वक्र असा: आठवड्याचे मृत्यू = ८९० × (०.२ × आठवडा − ३.४) च्या हायपरबोलिक सेकंटचा वर्ग. बिंदू वक्रावर सुरेख बसतात. हा आलेख मुलांना दाखवा आणि विचारा, मॉडेल पटलं का? सगळे हो म्हणतील.

मग खालचं गणित त्यांच्याकडून करवून घ्या.

शिखर कधी? १७ व्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यावर. एकूण मृत्यू? वक्राखालचं क्षेत्रफळ ८९० × १०, म्हणजे ८,९००. प्लेगमध्ये बहुतेक रोगी दगावत, म्हणून लागणही जवळपास तेवढीच धरू. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६. म्हणजे शेकडा सव्वाहून कमी लोकांना लागण होऊन साथ संपली. या मॉडेलमध्ये साथ संपते ती लागण होऊ शकणारे लोक कमी पडल्याने. सारं शहर लागणक्षम धरलं, तर सव्वा टक्क्यावर थांबायला प्रजनन-आकडा (एक रोगी सुरुवातीला सरासरी किती जणांना लागण देतो) १.००६ च्या आसपास हवा (लहान साथीत लागण झालेला भाग ≈ २ × (आकडा − १)).

आता वक्राची सुरुवात बघा. सुरुवातीची वाढ आठवड्याला ०.४ दराने. मॉडेलप्रमाणे हा दर = बरे होण्याचा किंवा मरण्याचा दर × (आकडा − १). म्हणजे तो दर आठवड्याला ७० च्या घरात. थोडक्यात, एक रोगी दुसऱ्याला लागण देऊ शकतो तो सरासरी २.४ तास. प्लेगचा रोगी!

इथे वर्ग जागा होतो. वक्र बसतो, पण त्यातून निघणारे आकडे अशक्य आहेत. मग कुठलं गृहीतक मोडलं? शहरात ही साथ माणसाकडून माणसाकडे नाही, उंदरांवरच्या पिसवांतून येत होती. मूळ लेखकांनी स्वतःच लिहिलंय की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे. शिवाय १८९६ पासून मुंबईत साथ पुन्हा पुन्हा ऋतूनुसार चढत-उतरत होती, म्हणजे हवामानाचाही हात होता. स्थिर पॅरामीटर धरून हे काहीच पकडता येत नाही. मुलांना घंटेच्या आकाराचा दुसरा एखादा वक्र, साधा गॉसियन, बसवायला सांगा. शिखराभोवती तोही बसतो. तीन आकडे हाताशी असले की टेकडी कुठलीही काढता येते.

अवांतर: मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. साथींच्या गणिताचा इतका भाग आपल्या इकडच्या कागदांवर उभा आहे आणि आपण उदाहरणं परदेशी शाळांमधल्या फ्लूची घेतो.

मार्कांबद्दल: प्रयोगाआधी बंद पाकिटात दिलेला अंदाज आणि त्यामागचं कारण, २० टक्के, अंदाज चुकला तरी पूर्ण. गृहीतकांची यादी, आणि त्यातलं कोणतं काढलं तर उत्तर किती हलतं याचा आकडा, ३०. रेसिड्युअलचा (मोजलेला आकडा वजा मॉडेलचा आकडा) ग्राफ आणि त्यावर अर्धं पान, ३०. एकदा काढलेले पॅरामीटर नव्या प्रसंगाला लावून आलेलं उत्तर, २०. ग्राफच्या सुबकतेला शून्य. सहसंबंध गुणांक ०.९९ आला म्हणून मॉडेल बरोबर, असं लिहिलं की तिथले मार्क कापा आणि हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि प्रत्येक गटाची बरणी वेगळी, छिद्र वेगळं ठेवा. मग शेजारच्या गटाचे आकडे उतरवून उपयोगच नाही.

---

शेषफळ

सगळ्यांचे आभार. सध्या ठरवलंय ते असं: बरणी तीन आठवडे, कवड्या दोन, साचे दोन, प्लेग दोन, उरलेल्यांत मुलांचे स्वतःचे प्रश्न. लंबक, सहा गटांना ३, ४, ५ आणि ६ मिमी अशी छिद्रं वाटून दिली तर चालेल ना?

---

लंबक

३ टाळा. त्याला २६०-२७० सेकंद लागतात, मुलं कंटाळतात, आणि छिद्राच्या व्यासातली ०.२ मिमीची चूक तिथे वेळ १३-१४ टक्क्यांनी हलवते. ४, ४.५, ५, ५.५, ६ आणि ६.५ घ्या, अर्ध्या मिमीचे ड्रिल हार्डवेअरवाल्याकडे सुटे मिळतात. आणि पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा. नळाच्या ताज्या पाण्यातले बुडबुडे छिद्राच्या काठाला चिकटतात.